मासे नसतील तिथेही जाळे

मारुंजी-हिंजवडीच्या बाजारात बर्फावर मांडलेली सुरमई पाहून समुद्रात मासळी किती उरली आहे, ते कळत नाही. बंदरातल्या आकड्यांवरूनही ते पुरते कळत नाही. नाखवा मासळी असेल तिथेच जाळे टाकतो, आणि ती आटली की पुढे सरकतो. टोपल्या मात्र भरलेल्याच दिसतात. खरा हिशेब ठेवायचा, तर मासे नसतील तिथेही जाळे टाकावे लागते आणि रिकामे आले तर शून्य लिहावे लागते.

हे काम करणारी भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्था मुंबईची. १९४६ साली 'डीप सी फिशिंग स्टेशन' म्हणून ती सुरू झाली, सध्याचे रूप १९८३चे. त्याही आधी, १९२१-२२मध्ये, 'विल्यम कॅरिक' या वाफेच्या ट्रॉलरने मुंबईसमोरचा समुद्र धुंडाळला होता.

सर्वेक्षणासाठी समुद्राचे खोलीनुसार पट्टे पाडतात. जाळे जहाजाच्या मागून सुटते. दोन्ही बाजूंच्या जड फळ्या पाण्याच्या रेट्याने फाकतात आणि जाळ्याचे तोंड उघडे राहते. ताशी ३ सागरी मैल वेगाने तासभर ओढले आणि तोंड २० मीटर रुंद धरले, तर सुमारे ०.११ चौरस किलोमीटर तळ झाडून निघतो. त्यात किती किलो मासळी आली, यावरून दाटीचा अंदाज बांधतात.

दोन-तीनशे मीटर खोलीवरून जाळे वर आले की डेकवर निराळीच मासळी ओतली जाते: भल्यामोठ्या डोळ्यांचा लालभडक बुल्स आय, हिरव्या डोळ्यांचा ग्रीन आय. पाण्याचा दाब एकदम उतरल्याने काहींचा वाताशय फुगतो आणि जठर तोंडातून बाहेर येते. मग जातवार निवड, वजन, फळीवर लांबी. पोट चिरून गाबोळी किती भरली आहे, हेही पाहतात. कानातल्या खड्यावरच्या वलयांवरून वय काढता येते; पण आपल्याकडे कडक हिवाळा नसल्याने वलये पुसट असतात. म्हणून वयाच्या अंदाजासाठी शेकडो माशांची लांबी मोजण्याचे कंटाळवाणे काम इथे फार मोलाचे.

सगळेच मासे जाळ्यात सापडत नाहीत. काही वरून, काही खालून निसटतात. तरी जाळे, वेग आणि वेळ तीच ठेवली, तर यंदाची तुलना दहा वर्षांपूर्वीशी करता येते. जहाज बदलायचे झाल्यास जुने आणि नवे शेजारी-शेजारी चालवून दोघांच्या पकडीतला फरक मोजून ठेवावा लागतो. या खर्चात काटकसर केली, तर आधीच्या सगळ्या वर्षांचे आकडे वाया जातात.