बुशला तेल पाजू नका

डिंगोऱ्याहून पूर्वेला ओतूरचा कांदाबाजार, पश्चिमेला मढ ओलांडून माळशेज घाट. मधला कल्याण-अहिल्यानगर महामार्ग गाडीला फारसा त्रास देत नाही. त्रास सुरू होतो तो महामार्ग सोडून पिंपळगाव जोगे धरणाच्या अंगाच्या वाड्यांकडं वळल्यावर, खिरेश्वरला जाताना, नाहीतर पावसात बांधावरून मळ्यात उतरताना. फोर बाय फोर गाडी अशी काही वर्षं वापरली की खालून एक ठराविक ‘टक्’ ऐकू येऊ लागतो. खड्ड्यात चाक पडलं की एकदा, ब्रेक दाबला की एकदा. बऱ्याचदा तो सस्पेन्शनच्या झिजलेल्या बुशचा असतो. बुश घरच्या घरी बदलता येतो, पण त्याआधी बऱ्याच समजुती बाजूला ठेवाव्या लागतात.

या समजुतींचं मूळ एकच आहे. बुशला लोक बिजागरी समजतात. बिजागरीत पिन फिरते, घासते, म्हणून तिला तेल लागतं. रबरी बुशमध्ये काहीच फिरत नाही. बहुतेकदा बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मधे कारखान्यातच दोन्हींना पक्कं चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्मच्या नाहीतर पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) डोळ्यात दाबून बसवलेली असते, आतली नळी बोल्टनं चॅसीच्या कानांमध्ये आवळलेली असते. चाक वरखाली झालं की दोन नळ्यांमधलं रबर पिळलं जातं आणि पुन्हा सरळ होतं. बुशचं सगळं काम म्हणजे हे पिळणं.

‘थोडं ऑइल मारा, आवाज बंद होईल’

आवाज खरंच बंद होतो, म्हणूनच हा सल्ला इतका टिकला आहे. पण नैसर्गिक रबर पेट्रोलियमचं तेल शोषून घेतं. ते फुगतं, मऊ पडतं आणि लोखंडापासून सुटायला लागतं. जळकं इंजिन ऑइल, डिझेल, चॅसीचं साधं ग्रीस, सगळ्यांचा परिणाम तोच. काही दिवस करकर थांबते आणि बुशचं उरलेलं आयुष्य मात्र त्यात संपतं.

यावर कुणी हटकून विचारतो, इंजिनचं ऑइल सीलही रबराचंच असतं, ते जन्मभर तेलात बसून कसं टिकतं? प्रश्न रास्त आहे. ऑइल सीलला बहुतेक वेळा नायट्राइल नावाचं कृत्रिम रबर वापरतात, त्यात तेल सहजी मुरत नाही. सस्पेन्शनच्या बुशला सारखं पिळलं जाऊनही न फाटणारं रबर लागतं, आणि त्या कामात नैसर्गिक रबर सरस ठरतं. तेलापुढं मात्र त्याचा निभाव लागत नाही.

ही तेलाची सवय अडाणीपणातून आलेली नाही. महिंद्रानं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपच्या पाट्यांना चॅसीशी जोडणारे शॅकल आट्यांचे असत, त्यांना ग्रीसची निपलं असत आणि वेळच्या वेळी ग्रीस मारलं नाही तर शॅकल खाल्ले जात. ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलच्या पिनेला आजही ग्रीस लागतं. त्या पिढीचा हात बरोबर होता, फक्त खालची वस्तू बदलली. नियम सोपा आहे: निपल दिसेल तिथं ग्रीस गन लावा, निपल नाही तिथं हात आवरा.

आणखी वाईट प्रकार म्हणजे पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला मारली जाणारी डिझेलची किंवा जळक्या ऑइलची फवारणी. गंज लागू नये म्हणून हौसेनं करून घेतात. पत्र्याला थोडा फायदा होत असेलही, पण त्याच फवाऱ्यात प्रत्येक बुश, ब्रेकचे रबरी होस आणि बॉल जॉइंटची रबरी टोपणं भिजून निघतात. रबर बनवताना त्यात मेणासारखा पदार्थ घातलेला असतो. तो हळूहळू पृष्ठभागावर येऊन हवेतल्या ओझोनपासून रबराला वाचवतो, डिझेल तोही धुऊन टाकतं. गाडीखालचा चिखल साध्या पाण्यानं, फार तर साबणाच्या पाण्यानं धुवावा. गंजाची काळजी असेल तर चॅसीला रंग द्या, फवारणी नको.

‘आवाज येतोय म्हणजे शॉकअप गेले’

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. शॉकअप गेलं तर गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते, शॉकअपच्या अंगावर तेलाचे ओघळ दिसतात. बुश गेला तर गाडी डुलत नाही, ती भरकटते. ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते, स्टेअरिंग सरळ धरूनही सारखी दुरुस्ती करावी लागते, टायरची एकच कड खाल्ली जाते. पाहायची रीत अशी: गाडी चाकांवर उभी ठेवून आर्म आणि चॅसीच्या मधे लांब टॉमी घालून हलकं उचकटायचं आणि दुसऱ्याला बुशकडं बघायला सांगायचं. रबर थोडं दबून परत आलं तर ठीक. आतली नळी एका बाजूला टेकली, किंवा रबर नळीपासून सुटून फट दिसली, तर बुश संपला. वरवरच्या बारीक भेगांवर मात्र घाईनं निकाल देऊ नये, कारण जुन्या पण धडधाकट बुशवरही त्या असतात.

क्लच सोडताना होणारा ‘टक्’ वेगळा धरावा. तो बुशचा असू शकतो, पण प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला तरी तसाच आवाज येतो, आणि फोर बाय फोरला असा शाफ्ट पुढंही असतो. आधी दोन्ही शाफ्ट हातानं हलवून पाहा, मग बुश विकत घ्या.

‘फोर बाय फोर आहे, गिअरमध्ये ठेवली की हलत नाही’

इथं चूक झाली तर जिवावर बेतते. ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलला असेल तर गिअर पडलेला असूनही गाडी मोकळी असते, कारण इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटलेला असतो. टू व्हीलमध्ये गिअर टाकून मागचं एक चाक उचललं तर डिफरन्शियलमुळं दुसरं चाक मोकळं फिरू शकतं. पुढचे हब सोडलेले असतील तर फोर व्हीलचा दांडा ओढूनही उपयोग नाही. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, तेव्हा मागची बाजू उचलली की तोही गेला. जुन्या विलीजचा हँडब्रेक तर ट्रान्सफर केसच्या मागं शाफ्टवर होता, म्हणजे मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियल त्यालाही चकवतं.

म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढूनही आणि मागूनही दगड लावायचे. सारवलेल्या खळ्यावर जॅक लावला तर तो भार येताच खचतो, खाली जाड फळी हवी, आणि त्याहून बरा अंगणातला काँक्रीटचा ओटा. वर उचललेली गाडी जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. चॅसीखाली जॅक स्टँड लावायचे. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक सांगून फुटत नाहीत, एकदम भुगा होतात. टेकू म्हणून ते पूर्ण वर्ज्य.

‘जुना बुश जाळून काढा, नवा ठोकून बसवा’

गॅसचा पेटता नळा धरून रबर जाळायचं आणि नळी हातोड्यानं उडवायची, असं सर्रास चालतं. पण त्याच हातभर अंतरात ब्रेकचा होस असतो, डिझेलची लाइन असते, आणि जळत्या रबराचा गंधकयुक्त धूर छातीत जातो. त्यापेक्षा आतलं रबर ड्रिलनं नाहीतर चाकूनं मोकळं करावं, हॅकसॉचं पातं सोडवून भोकातून घालावं आणि बाहेरच्या नळीला आतून लांबट काप द्यावा. आर्मच्या लोखंडाला पातं लागू द्यायचं नाही. काप पडला की नळीचा ताण जातो आणि छन्नीनं ती आत दुमडून निघते.

नवा बुश बसवायला जाड आट्यांचा रॉड, दोन नट, वॉशर आणि मापाच्या दोन नळ्या किंवा पान्याच्या मोठ्या गोट्या (सॉकेट) पुरतात. एक गोटी बुशच्या बाहेरच्या नळीएवढी, दुसरी तिच्याहून मोठी, बुश जिच्यात मावेल अशी. नट आवळत गेलं की बुश सरळ आत ओढला जातो. दाब बाहेरच्या नळीवरच यायला हवा. आतल्या नळीवर हातोडा मारला तर रबराची पकड पहिल्याच दिवशी सुटते आणि नवा बुश जुना होऊनच गाडीला लागतो. सरकायला मदत हवी तर साबणाचं पाणी. काही बुशवर बाण किंवा खूण असते, काहींच्या रबरात पोकळ्या सोडलेल्या असतात. जुना काढण्याआधी त्या कुठल्या दिशेला आहेत याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. घरी दाबून जमत नसेल तर सुटा आर्म घेऊन ज्याच्याकडं हायड्रॉलिक प्रेस आहे अशा लेथवाल्याकडं जावं. त्यात कमीपणा काही नाही.

‘गाडी वर आहे तोवरच बोल्ट कडक आवळून टाका’

घरी बदललेले बुश सहा महिन्यांत फाटतात तेव्हा लोक मालाला नावं ठेवतात. माल खराबही असतो, नाही असं नाही. पण बहुतेकदा दोष आवळण्याच्या वेळेचा असतो. चाक अधांतरी असताना आर्म खाली लोंबतो. त्या स्थितीत बोल्ट कडक केला की आतली नळी तिथंच जखडली जाते. गाडी खाली सोडली की आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. उभ्या गाडीतही त्याला सुटका नाही, त्यात खड्डा आला की ते सहन करता येईल त्याहून जास्त पिळलं जातं.

बरोबर क्रम असा आहे: बोल्ट हातानं घालायचा, नट बेताचा लावायचा, चाक चढवून गाडी जमिनीवर सोडायची, पुढून-मागून दोन-चार वेळा दाबून तिला तिच्या उंचीवर बसू द्यायचं आणि मग टॉर्क पान्यानं कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला आवळायचं. गाडी खाली असताना पाना पोचत नसेल तर चारही चाकं फळ्यांच्या मजबूत थप्पीवर चढवावीत. नायलॉनचे लॉक नट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत. आणि एका बाजूचा बुश बदलला तर दुसऱ्या बाजूचाही बदलावा, नाहीतर गाडी नव्याकडं एक वागते आणि जुन्याकडं दुसरी.

‘पीयू बुश टाका, कायमची कटकट मिटेल’

पॉलियुरेथेनचे रंगीत बुश दिसायला देखणे असतात, तेलालाही दाद देत नाहीत. पण ते नळीला चिकटवलेले नसतात. ते आतल्या नळीवर खरोखर फिरतात, म्हणजे इथं बिजागरीचा नियम लागू होतो आणि त्यांना सिलिकॉनचं ग्रीस लागतं. आपल्या काळ्या चिखलात ते ग्रीस धुऊन माती आत गेली की असा करकराट सुरू होतो की जुना ‘टक्’ बरा वाटावा. शिवाय सध्याच्या थारच्या मागं आणि जिम्नीच्या दोन्ही टोकांना अखंड ॲक्सल लांब आर्मवर धरलेला असतो. एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात गेलं की त्या आर्मच्या बुशला वेड्यावाकड्या दिशेनं पिळावं लागतं. कडक पीयू तिथं अडतो आणि तो ताण चॅसीच्या कानांवर जातो. माझं मत विचाराल तर स्टॅबिलायझर बारला, फार तर पाट्याच्या शॅकलला पीयू चालेल. आर्मला कंपनीचाच रबरी बुश हवा.

‘अलाइनमेंट केलं की सगळं जागेवर येतं’

ढिल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट मशीनवरून उतरेपर्यंतच टिकतं. आधी बुश, मग अलाइनमेंट. आर्मचे काही बोल्ट एक्सेंट्रिक असतात, त्यांच्या वॉशरवर आणि चॅसीवर सोडण्याआधी छन्नीची बारीक खूण केली तर गाडी निदान अलाइनमेंटवाल्यापर्यंत सरळ चालते. आणि कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून वळणं घेण्याची सवय असेल तर नवे बुशही लवकर खाल्ले जातील. पार्ट-टाइम फोर व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात, वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि तो फरक टायर, गिअर आणि बुश मिळून सोसतात.

घरी काय करावं आणि काय नाही, याचं उत्तर गाडीच्या बांधणीत आहे. जिप्सी, किंवा २०२० च्या आधीच्या थारची मागची बाजू, म्हणजे पाट्यांची बांधणी. शॅकलचे, शॉकअपच्या डोळ्यांचे, स्टॅबिलायझरचे बुश इथं शांतपणे, हातातल्या पान्यांनी बदलता येतात. पाट्यालाही ताण असतो, तेव्हा शॅकलचा बोल्ट काढण्याआधी ॲक्सल जॅकवर तोलून तो ताण उतरवायचा एवढंच. पण त्याच जुन्या थारच्या सीआरडीई मॉडेलला पुढं टॉर्शन बार आहेत, आणि काही गाड्यांत दबलेली कॉइल स्प्रिंग थेट लोअर आर्मवर टेकलेली असते. तिथं चुकीचा बोल्ट सोडला तर आर्म किंवा स्प्रिंग माणसाला मारू शकते. स्प्रिंग कंप्रेसर नसेल आणि टॉर्शन बार उतरवण्याची रीत माहीत नसेल, तर पुढचे आर्म वर्कशॉपवाल्यालाच द्या, आणि त्याला एवढं बजावून सांगा की शेवटचा नट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचा.