नेलपॉलिश वाळते, पण वुजूचे काय?

लग्नघरात असरची अजान होते आणि नुकतीच नखे रंगवलेल्या मुली एकमेकींकडे पाहत बसून राहतात. कोणाला पॉलिश पुसवत नाही, कोणी लाजेने बोलत नाही, आणि नमाज राहून जाते. हे आपण सर्वांनीच पाहिले आहे.

सूरह अल-माइदाच्या सहाव्या आयतीत वुजू करताना हात कोपरांपर्यंत धुण्याचा आदेश आहे. नखे हाताचाच भाग; त्यांना पाणी लागलेच पाहिजे. मेंदीचा फक्त रंग उरतो, थर नाही, म्हणून तिची अडचण नाही. नेलपॉलिशमध्ये मात्र नायट्रोसेल्युलोज हा पदार्थ एथिल अॅसिटेटसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेला असतो. द्रव उडाला की नखावर पापुद्रा राहतो. ‘वाळणे’ म्हणजे हेच, आणि पाणी अडवतो तोही हाच पापुद्रा.

‘पाणी झिरपू देणारी’ म्हणून विकली जाणारी पॉलिशही मिळते. पण हवा किंवा वाफ आरपार जाणे वेगळे आणि वुजूचे पाणी नखाला लागणे वेगळे. उलमांचे तिच्याबाबत एकमत नाही. आम्ही तरी आपली नमाज तिच्यावर सोपवत नाही.

मग लावायची कधी? पाळीच्या दिवसांत नमाज नसते, तेव्हा खुशाल लावावी. मात्र गुस्लपूर्वी पूर्ण काढावी. एरवी इशानंतर लावून फजरपूर्वी काढता येते. वुजू करून लावली, तर तो वुजू मोडेपर्यंत नमाज अदा करता येते. नव्या वुजूसाठी मात्र ती काढावीच लागते.

काढायचीच आहे, तर निवडही तशीच करावी. चमकीची पॉलिश लवकर निघत नाही. साधा, फिकट रंग बरा. बाटलीत घट्ट झालेली पॉलिश उशिरा वाळते. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत, मध्ये दोन-तीन मिनिटे थांबावे. पंधरा-वीस मिनिटांत वरून वाळलेली वाटते, पण आतून कडक व्हायला काही तास लागतात. म्हणून लावून लगेच झोपलो की चादरीची नक्षी नखांवर उठते. थंड पाण्यात बोटे बुडवल्याने वरचाच थर घट्ट होतो. रिमूव्हर पेट घेतो. तो खिडकी उघडून, गॅसपासून दूर वापरावा.

शेवटी एक गोष्ट आम्हा मोठ्यांसाठी. मुलीच्या नखांवर पॉलिश दिसली की चारचौघांत ‘नमाज नाही का?’ असे विचारायची आपल्याला सवय आहे. त्या एका प्रश्नाने तिची खाजगी गोष्ट सगळ्या घराला कळते. तो प्रश्न गिळावा, आणि लग्नघरात वुजूच्या नळापाशी रिमूव्हरची बाटली व कापूस ठेवून द्यावा. जिला नमाज अदा करायची आहे, ती न विचारता उठेल.