बाप्तिस्मा झाला, मग राहिलं काय?

शहापुरात हा प्रश्न हमखास येतो: बाप्तिस्मा घेतला की झालाच ना माणूस ख्रिस्ती? इव्हँजेलिकल मंडळी म्हणतील, नाही. पंडिता रमाबाईंचंच बघा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला. १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं. सत्कर्मांत काय कमी होतं हो? तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केलं, की तोवर ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त नव्हे. गाभा इथेच आहे. येशूने वधस्तंभावर माझ्या पापांचा दंड भरला, हे पश्चात्ताप करून, विश्वासाने ज्याचं त्याने स्वीकारायचं. तारण कृपेने, कमाईने नाही. आणि याला आधार बायबलचा. म्हणून तर केडगावला त्यांनी हिब्रू-ग्रीक शिकून ते कमी शिकलेल्या बायकांनाही समजेल अशा मराठीत आणलं. १९२२ मध्ये वारल्या, तोवर तेच काम चाललं होतं.