अल्लीपूर ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती, वेळ किती

दोन शहरांमधले हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. नागपूर ते मुंबई हे अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, तर रेल्वेने हाच प्रवास आठशेच्या वर जातो. जेट विमान एकदा उंचीवर गेले की ताशी ८०० ते ९०० किलोमीटर वेगाने उडते. त्या हिशेबाने मुंबईला पाऊण-एक तास पुरावा. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास वेळ दिलेला असतो. विमान जागचे हलल्यापासून मुक्कामी पुन्हा उभे राहीपर्यंतचा सारा वेळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे आणि मुंबईच्या आकाशात नंबर लागेपर्यंत घिरट्या घालणे, हे सगळे त्यात आले.

हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरच्या प्रवाशाचा हिशेब आणखी वेगळा. त्याला आधी सडकेने नागपूरचा सोनेगाव विमानतळ गाठावा लागतो, तोही उड्डाणाच्या दीड-दोन तास आधी. त्यामुळे मुंबईच्या प्रवासात हवेतल्या वेळेपेक्षा जमिनीवरचाच वेळ जास्त जातो. तरी नागपूरची जागा मोक्याची आहे. तिथून दिल्ली सुमारे ८५०, चेन्नई ९१० आणि कोलकाता ९८५ किलोमीटरवर. म्हणूनच १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा चारही महानगरांतली विमाने मध्यरात्री नागपुरात येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परतत.

लांबच्या प्रवासात गणित उलटते. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे सर्वांत कमी अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे आणि ती रेषा उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशावरून जाते. सपाट नकाशावर पाहणाऱ्याला हे पटत नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणला की लगेच पटते. प्रत्यक्षात विमाने याच रेषेने जातात असे नाही. एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, पण प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर संपला.

ही करामत वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला ते पाठून रेटतात, पश्चिमेला जाणाऱ्याला अडवतात. पृथ्वी खालून फिरते म्हणून वेळ वाचतो, ही समजूत मात्र चुकीची. हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते. वाऱ्याखेरीज हवाई हद्दींचाही प्रश्न असतो. २०१९ मध्ये पाकिस्तानने काही महिने आपली हद्द बंद ठेवली तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को भारताच्या साडेतेरा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेबारा. हिवाळ्यात दिल्लीहून पहाटे ४ला निघालेले विमान १५ तास उडूनही तिथे त्याच तारखेला पहाटे साडेपाचला उतरते. परतताना ही उसनवारी फेडावी लागते : सोमवारी रात्री ९ला निघून १६ तास उडालेले विमान दिल्लीला पोहोचते बुधवारी पहाटे अडीचला. पुढे नागपूरचे विमान आणि अल्लीपूरची सडक उरतेच. सोनेगावला गाडी पाठवणाऱ्यांनी तेवढी तारीख नीट पाहावी.