न दिसणाऱ्या फटींचा हिशेब

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल-उत्पादक राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि अवघ्या काही महिन्यांत खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. त्या धक्क्याने पाश्चात्त्य जगातील अर्थशास्त्रज्ञ, अभियंते आणि सामान्य गृहस्थ एकाच प्रश्नाशी येऊन थांबले : हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी जे इंधन जळते, त्याची ऊब जाते कोठे? भिंतीतून, छपरातून, खिडकीच्या काचेतून किती उष्णता बाहेर पडते याची सूत्रे पाठ्यपुस्तकांत होती. तथापि सूत्रांनी मांडलेला हिशेब आणि प्रत्यक्षात जळणारे इंधन यांचा मेळ बसत नव्हता.

या विसंगतीचा छडा लावण्याचे एक महत्त्वाचे काम अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात झाले. ट्विन रिव्हर्स नावाच्या वसाहतीतील एकमेकांस लागून असलेल्या घरांचा अभ्यास प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सत्तरच्या दशकात केला. गौतम दत्त हे भारतीय वंशाचे संशोधकही त्यांत होते. पोटमाळ्यातून निघून जाणारी उष्णता हिशेबापेक्षा कित्येक पटींनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. कारण शोधता असे दिसून आले, की दोन घरांमधील भिंतीतील पोकळी, धुराड्याभोवतीची मोकळी जागा, नळ आणि विजेच्या तारा यांसाठी पाडलेली भोके ही सारी थेट पोटमाळ्यात उघडत होती. उबदार हवा हलकी असल्याने ती या गुप्त वाटांनी वर चढे आणि तिच्या जागी बाहेरची थंड हवा खालून आत येई. दारे-खिडक्यांच्या फटी लोक डोळ्यांनी पाहत आणि बुजवीत. खरी गळती मात्र जेथे कोणाचीच दृष्टी जात नव्हती तेथे होती.

दारातील पंखा

न दिसणाऱ्या गोष्टीचे अस्तित्व पटवायचे तर ती मोजली पाहिजे. त्यासाठीची युक्ती स्वीडनमधून आली. तेथे खिडकीत एक मोठा पंखा घट्ट बसवून घराची हवाबंदी तपासण्याची पद्धत सत्तरच्या दशकात वापरात होती. ऑके ब्लोमस्टरबर्ग या स्वीडिश संशोधकाने १९७९ मध्ये ती प्रिन्स्टनला नेली. पुढे हा पंखा खिडकीतून दारात आला आणि ‘ब्लोअर डोअर’ या नावाने रूढ झाला.

त्यामागील तत्त्व शाळकरी मुलासही समजावे असे आहे. घराची सर्व दारे-खिडक्या बंद करावयाची, एका दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात पंखा बसवावयाचा आणि घरातील हवा बाहेर फेकावयाची. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि जेथे जेथे फट असेल तेथून बाहेरची हवा आत शिरू लागते. दाबातील फरक एका ठराविक अंकावर स्थिर राहिला, की पंखा जितकी हवा बाहेर टाकतो तितकीच फटींतून आत येते. पंख्यातून जाणारी हवा मोजली, की घराची एकूण गळती मोजली गेली.

यासाठी जगभर रूढ झालेला दाबाचा फरक ५० पास्कल आहे. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल. म्हणजे हा फरक त्याचा दोन हजारावा भाग होय. पाण्याच्या उंचीत सांगावयाचे तर तो सुमारे पाच मिलिमीटर भरतो. पूर्वी तिरप्या नळीतील रंगीत द्रवाची पातळी किंवा तबकडीवरील काटा पाहून हा फरक वाचावा लागे. वाऱ्याची झुळूक आली की काटा डोलू लागे आणि तपासनिसाला नजरेनेच सरासरी ठरवावी लागे. त्यामुळे दोन तपासनिसांच्या आकड्यांत अंतर पडणे साहजिक होते.

डिजिटल दाबमापकाने हे चित्र पालटले. तळहाताएवढ्या या उपकरणास दोन स्वतंत्र मार्ग असतात. एकाला जोडलेल्या नळ्या घराच्या आतील व बाहेरील दाबाचा फरक घेतात, दुसऱ्याला जोडलेली नळी पंख्यावरील दाब घेते. दर्शकावर पास्कलचा दहावा भागही वाचता येतो. काही सेकंदांची सरासरी उपकरण स्वतःच काढते. पंखा सुरू करण्यापूर्वी वारा व तापमान यांमुळे जो दाबाचा फरक असतो, तो नोंदवून वजा करता येतो. पंख्याचा वेग कमी-अधिक करून ५० पास्कलचा अंक धरून ठेवण्याचे कामही हेच उपकरण करते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. दाबमापक मोजतो तो केवळ दाब. हवेचे प्रमाण त्यावरून गणिताने काढलेले असते. घर फारसे गळके नसेल, तर पंख्याच्या तोंडावर लहान छिद्राचे कडे बसवितात. कोणते कडे बसविले हे उपकरणाला सांगावे लागते. ते चुकीचे सांगितले, नळीचे बाहेरचे टोक थेट वाऱ्यात ठेवले किंवा नळीत पाण्याचा थेंब अडकला, तरी दर्शकावर आकडा तितक्याच ठामपणे उमटतो. आकड्यांची सुबकता ही त्यांच्या अचूकतेची हमी नव्हे.

आकड्यांचा अर्थ

मोजलेल्या गळतीचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. २५० घनमीटर आकारमानाची दोन घरे शेजारी-शेजारी आहेत, असे मानू. ५० पास्कल दाबाला पहिल्यातून ताशी २५०० घनमीटर, तर दुसऱ्यातून ७५० घनमीटर हवा जाते. म्हणजे पहिल्या घरातील हवा तासाला दहा वेळा आणि दुसऱ्यातील तीन वेळा बदलते. नेहमीच्या हवामानात दाब इतका नसतो. म्हणून या आकड्याला वीसने भागण्याचा एक ढोबळ नियम आहे. त्यानुसार पहिल्या घरात तासाला निम्मी हवा आपोआप बदलेल, दुसऱ्यात सातव्या हिश्श्याच्या आसपास.

बाहेरचे तापमान आतल्यापेक्षा २० अंशांनी कमी असेल, तर या हवेला तापविण्यासाठी पहिल्या घराला अखंड सुमारे ८४० वॅट, तर दुसऱ्याला २५० वॅट उष्णता लागेल. चोवीस तासांत हा फरक सुमारे १४ युनिटांचा होतो. बाहेरून दोन्ही घरे सारखी, रंग तोच, किंमतही तीच. पहिल्या घराचा मालक मात्र संपूर्ण हिवाळाभर एक न दिसणारा कर भरीत राहतो.

दोष कोणाचा, भुर्दंड कोणाला?

हा कर का टिकून राहतो, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की वस्तूची गुणवत्ता विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर चांगल्या वस्तूला योग्य भाव मिळत नाही आणि ती बाजारातून हटू लागते. घराच्या बाबतीत परिस्थिती याहूनही बिकट असते. फटी बुजविण्याचा खर्च बांधणाऱ्याने करावयाचा आणि इंधनाची बचत राहणाऱ्याच्या पदरात पडावयाची. शिवाय फटी भिंतीआड असल्याने ग्राहक त्यासाठी चार पैसे अधिक देण्यास तयार नाही. अशा स्थितीत काळजीपूर्वक काम करणारा बांधकाम व्यावसायिक तोट्यातच राहतो.

मोजमाप आले की या व्यवहाराचे स्वरूप बदलते. जी गुणवत्ता केवळ शब्दांत होती ती अंकात उतरते आणि अंक करारात लिहिता येतो, कायद्यात घालता येतो. स्वीडनने १९७५ च्या बांधकाम-नियमांतच स्वतंत्र घरांसाठी ५० पास्कल दाबाला ताशी तीन हवाबदलांची मर्यादा घातली. जर्मनीत डार्मस्टाट येथे १९९१ मध्ये उभ्या राहिलेल्या पहिल्या ‘पॅसिव्ह हाउस’पासून पुढे ०.६ ही अत्यंत कडक मर्यादा रूढ झाली. अमेरिकेच्या २०१२ च्या आदर्श ऊर्जा-संहितेने नव्या घरांची चाचणी आवश्यक ठरविली आणि हवामानानुसार तीन किंवा पाच हवाबदल ही सीमा आखली. इंग्लंडने २००६ पासून नव्या घरांच्या नमुना-चाचण्या घेतल्या आणि २०२२ मध्ये अमलात आलेल्या नियमांनी प्रत्येक नव्या घराची चाचणी सक्तीची केली.

घर घट्ट करताना एक पथ्य अर्थातच पाळावे लागते. फटी बुजविल्या की घरातील ओल, धूर आणि दूषित वायूही कोंडले जातात. म्हणून हवाबंद घराला ताज्या हवेची योजनापूर्वक सोय हवी. फटींनी होणारे वायुवीजन नको तेव्हा अधिक आणि हवे तेव्हा अपुरे असते. त्याच्या जागी माणसाच्या नियंत्रणातील वायुवीजन आणणे हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू आहे.

मोजणारा कोण?

इतके झाल्यावर प्रश्न सुटला असे वाटेल. वस्तुतः खरा प्रश्न येथेच सुरू होतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी एक निरीक्षण मांडले. त्याचा आशय असा, की एखाद्या मोजमापावर नियंत्रणाचा भार टाकला, की ते मोजमाप पूर्वीइतके विश्वासार्ह राहत नाही. घरांच्या गळतीबाबत त्याचा प्रत्यय इंग्लंडमध्ये आला.

युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन येथील संशोधकांनी नव्या घरांच्या लाखाहून अधिक चाचण्यांचे निकाल तपासून २०१७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरे हजारो कारागिरांनी, वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेली. तेव्हा त्यांचे आकडे सर्वत्र विखुरलेले असावयास हवेत. प्रत्यक्षात मात्र आराखड्यात जो आकडा योजलेला असे, नेमका त्याच्याच काठावर निकालांचा मोठा पुंजका दिसला. परीक्षेत एका वर्गातील असंख्य मुलांना नेमके ३५ गुण मिळाले, तर अनुभवी शिक्षकाच्या मनात जी शंका येईल तीच येथेही येते.

प्रत्येक वेळी येथे लबाडीच असते असे नाही. पहिल्या चाचणीत घर नापास झाले, की कारागीर भरणद्रव्याची नळी घेऊन दिसेल ती फट बुजवितो आणि पुन्हा चाचणी देतो. आकडा जमतो, पण असे वरवरचे लिंपण काही काळाने सुकते, आकसते, तडकते आणि गळती परत येते. भिंतीआडची मूळ वाट तशीच राहते. नियमाचे पालन होते, परंतु हेतू साध्य होत नाही. शिवाय चाचणी करणाऱ्याचे शुल्क सामान्यतः बांधणाराच देतो. ज्याच्या खिशातून आपला मेहनताना येतो त्याला वारंवार नापास करणे किती जणांना परवडेल?

यावरचे उपाय दाबमापकाच्या आवाक्याबाहेरचे असले, तरी माणसाच्या आवाक्यातील आहेत. आधुनिक उपकरणे प्रत्येक वाचन वेळेसह नोंदवू शकतात. केवळ अंतिम आकडा न घेता ती मूळ नोंद जमा करून घेता येते. काही घरांची अचानक फेरतपासणी स्वतंत्र तपासनिसाकडून करविता येते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा चाचणी घेऊन पहिल्या आकड्याशी तुलना करता येते. आणि उपकरणांचे प्रमाणीकरण ठराविक मुदतीने झालेच पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडचा धडा

महाराष्ट्रातील वाचकास हा सारा प्रपंच दूरचा वाटेल. येथील घरे हवा खेळती राहावी म्हणूनच बांधली जात आली. समोरासमोरची दारे, झरोके आणि जाळ्या हे त्यांचे दोष नसून गुण आहेत. थंड देशांची मर्यादा त्यांच्यावर लादणे शहाणपणाचे ठरणार नाही. परंतु वातानुकूलित खोल्यांची संख्या वाढते आहे आणि तेथे थंड केलेली हवा बाहेर गेली, तर तिची किंमत विजेच्या देयकातच मोजावी लागते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्याने २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची शीतकरणाची गरज सुमारे आठपट होईल असा अंदाज वर्तविला आहे. वातानुकूलन यंत्र घेताना ग्राहक त्यावरील तारे मोजून घेतो; ज्या खोलीत ते बसवायचे तिच्या फटींविषयी मात्र क्वचितच विचारतो.

तथापि उपकरण आणण्यापूर्वी त्याभोवतीची व्यवस्था उभी करावी लागेल, हा इंग्लंडच्या अनुभवाचा बोध आहे. आपल्या बाजारपेठेला तो नवा नाही. वाण्याच्या तराजूवर आणि वजनांवर शिक्का असतो तो वाण्याचा नव्हे, वैधमापन निरीक्षकाचा; रिक्षाचे मीटर तपासून मोहोरबंद करण्याचे कामही रिक्षाचालकाकडे नसते. ही साधी शिस्त घराच्या चाचणीलाही लागू केली, तर दर्शकावरील आकड्यावर घर घेणाऱ्याला विसंबता येईल. ती नसेल, तर दाबमापक पास्कलचा दहावा भाग अचूक दाखवीत राहील आणि फटीतून जाणाऱ्या हवेचे पैसे राहणारा पूर्वीप्रमाणेच भरीत राहील.