हाजी अलींच्या कबरीजवळ उतरणारा एकट्यांचा काफिला

हाजी अली म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर वरळीच्या समुद्रातला दर्गा उभा राहतो. आज आम्ही ज्या हाजी अलींविषयी सांगणार आहोत त्यांची कबर मुंबईपासून फार दूर, अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, क्वार्ट्झसाइट नावाच्या वाळवंटी गावात आहे. कबरीवर दगडांचा पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा एक उंट.

झाले असे की 1855 साली अमेरिकन काँग्रेसने लष्करासाठी उंट आणण्यास 30,000 डॉलर मंजूर केले. मे 1856 मध्ये टेक्ससच्या इंडियानोला बंदरात 34 उंट उतरले, आणि त्यांना सांभाळायला उस्मानी मुलखातून उंटवाले आले. हाजी अली त्यांपैकी एक. अमेरिकन माणसांच्या जिभेला हे नाव पेलेना, त्यांनी त्याचे 'हाय जॉली' करून टाकले. 1857 मध्ये कोलोरॅडो नदीपर्यंतच्या रस्त्याची पाहणी करताना उंटांनी चोख काम केले. पण 1861 ला यादवी युद्ध सुरू झाले आणि सरकारला उंटांत रस उरला नाही. हाजी अलींनी उरलेल्या काही उंटांवर नदी आणि खाणी यांच्या दरम्यान मालवाहतुकीचा धंदा करून पाहिला, तो बसला. 1902 साली ते याच गावी वारले. 1935 मध्ये राज्याच्या महामार्ग खात्याने कबरीवर तो पिरॅमिड बांधला.

धंद्याच्या पानावर ही हकिकत कशाला, असे वाचक विचारतील. कारण असे की गावाजवळच्या सरकारी जमिनीच्या एका तुकड्याला आजही 'हाय जॉली' हेच नाव आहे आणि दर हिवाळ्यात तिथे काफिले उतरतात. उंटांचे नव्हे, चाकांवरच्या घरांचे. अमेरिकेत या घरांना आर.व्ही. म्हणतात. कोणी बसएवढे मोठे घेऊन येतो, कोणी मोटारीमागे जोडलेली दहा-बारा फुटांची खोली ओढत आणतो, तर कोणी साध्या मालवाहू व्हॅनमध्ये फळी टाकून त्यावर झोपतो. यांतले पुष्कळजण अगदी एकटे असतात. आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

गाव केवढे? 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 2,413 भरली. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोहल्ल्याएवढी. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा रस्त्यावर कुत्रे दिसत नाही. पण नोव्हेंबरपासून हवा सुटते, उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात बर्फ पडू लागतो आणि जानेवारीत या गावाभोवतीचे वाळवंट गाड्यांनी भरून जाते. 1960 च्या दशकात गावकऱ्यांच्या एका संघाने रंगीत दगड आणि खनिजांचे प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. त्यामागून जुना बाजार आला, हत्यारांचे विक्रेते आले, आणि 1980 च्या दशकापासून आर.व्ही. आणि त्यांच्या सामानाचे मोठे प्रदर्शन तंबूत भरू लागले. उरुसाच्या बाजारात मांडव टाकणाऱ्या आपल्या दुकानदाराला तिथला हिशेब लगेच उमजेल. दोन-तीन महिन्यांत वर्षाची कमाई करायची आणि पाल उचलायचे.

या सगळ्याचे मूळ जमिनीच्या दरात आहे. गावाभोवतीची बहुतेक जमीन केंद्र सरकारच्या भूमी व्यवस्थापन खात्याची आहे. ठरावीक भागांत 28 दिवसांच्या काळात 14 दिवस फुकट मुक्काम करता येतो, नंतर गाडी हलवावी लागते. ज्याला हलायचे नाही त्याच्यासाठी 1983 पासून लांब मुदतीचे तळ आहेत. तिथे 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल हा हंगाम धरतात. या सात महिन्यांचा परवाना बरीच वर्षे 180 डॉलरला मिळत असे. आम्ही भागाकार करून पाहिला, रोजचे 85 सेंट पडतात. गावालगतच्या ला पोसा या तळावर पाणी भरायची, कचरा टाकायची आणि सांडपाणी ओतायची सोय आहे. फुकटच्या जमिनीवर काहीच नाही. नळ नाही, वीज नाही, संडास नाही.

आणि शेजारी नाही. जोडप्याने वाळवंटात गाडी लावली तर एक आजारी पडल्यावर दुसरा गाडी चालवतो. एकट्या बाईने किंवा एकट्या बुवाने काय करावे? म्हणून एकट्यांच्या जमाती झाल्या. 'लोनर्स ऑन व्हील्स' ही त्यांतली जुनी, 1970 च्या सुमाराची. हिचा कायदा मजेशीर आहे. सभासद एकटाच हवा. दोन सभासद एका गाडीत राहू लागले की दोघांचे सभासदत्व गेले. लग्ने जुळवण्याचे आमचे काम नाही, असे ते बजावून सांगतात. ज्याचे गिऱ्हाईक खूश झाले की कायमचे निघून जाते असा कारभार आम्ही तरी दुसरा पाहिलेला नाही. 1988 मध्ये 'वाँडरिंग इंडिव्हिज्युअल्स नेटवर्क' सुरू झाले. त्यांची पद्धत खऱ्या काफिल्याची. पुढचे मुक्काम आधी ठरवलेले, प्रत्येकाने आपली गाडी आपल्या खर्चाने आणायची, मुक्कामावर संध्याकाळी खुर्च्या गोल मांडून बसायचे, हवे तेवढे दिवस राहायचे आणि मन झाले की वेगळ्या वाटेने जायचे. 1991 पासून बायकांची 'आरव्हीइंग विमेन' ही वेगळी संस्था आहे.

या संस्थांतले सभासद बहुतेक बरी पेन्शन असलेले. त्याखालच्या थरातल्या माणसांसाठी बॉब वेल्स यांनी 2011 च्या जानेवारीत क्वार्ट्झसाइटजवळ मेळावा भरवला. हे गृहस्थ अलास्कात किराणा दुकानाच्या नोकरीत होते. 1995 च्या सुमारास घटस्फोट झाला. पोटगी देऊन घरभाड्याला पैसे पुरेनात, तेव्हा एक जुनी व्हॅन घेऊन ते तिच्यात राहू लागले. पहिले दिवस रडण्यात गेले, असे त्यांनीच सांगितले आहे. पुढे स्वस्तात गाडीत कसे राहावे हे ते इतरांना शिकवू लागले. पहिल्या मेळाव्याला मोजकी माणसे होती. काही वर्षांत ती हजारांत गेली, तेव्हा जागा बदलाव्या लागल्या, परवानग्यांचा व्याप वाढला. बायकांसाठी वेगळा मेळावा घ्यावा लागला. 2021 मध्ये साथीमुळे प्रत्यक्ष मेळावा भरलाच नाही. 2018 मध्ये त्यांनी एक धर्मादाय संस्था काढली, ती बेघर माणसांना राहण्याजोगी गाडी तयार करून देते. जेसिका ब्रूडर यांचे 2017 चे 'नोमॅडलँड' हे पुस्तक याच लोकांवर आहे. त्यावरच्या चित्रपटाला 2021 मध्ये तीन ऑस्कर मिळाले. पुस्तकातल्या लिंडा मे या साठी ओलांडलेल्या बाईंना सरकारी पेन्शन महिना सुमारे 500 डॉलर होते. अमेरिकेत त्यात भाड्याची एक खोलीही मिळत नाही. दहा फूट लांबीचा जुना ट्रेलर हेच त्यांचे घर.

मेळाव्यात शिकवतात काय? आम्हाला वाटले होते, शेकोटी आणि गाणी. ती आहेतच. पण दिवसभराचा अभ्यास वेगळा. छतावर सौर पत्रा बसवून बॅटरी कशी भरायची, बादलीचा संडास स्वच्छ कसा ठेवायचा, शहरात रात्री गाडी कुठे लावली तर पोलीस उठवणार नाहीत, टपाल कुठे मागवायचे. हा टपालाचा मुद्दा आम्ही आधी हसण्यावारी नेला, मग ध्यानात आले की पत्ता नसेल तर लायसन्स नाही, विमा नाही, बँक नाही. त्यामुळे टपाल राखून पुढे पाठवणे हा अमेरिकेत एक स्वतंत्र धंदा आहे. 1978 मध्ये निघालेल्या 'एस्केपीज' या क्लबचे टेक्ससमधल्या लिव्हिंगस्टन गावात त्याचे मोठे केंद्र आहे. टेक्सस, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा या तीन राज्यांचे पत्ते लोक पसंत करतात, कारण तिथे पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही.

कामाचीही चौकशी इथेच होते. उन्हाळ्यात सरकारी जंगलांतल्या तळांची राखण, ऑक्टोबरात नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटात साखरेच्या बीटाची काढणी. ॲमेझॉनने 2008 मध्ये अशा गाडीवाल्यांना गोदामात हंगामी कामाला घेण्याची योजना सुरू केली होती, पुढे ती बंद केली. सत्तरीची माणसे दहा-दहा तास गोदामात चालत होती. बीडचे ऊसतोड कामगार बिऱ्हाड घेऊन निघतात ते तरुणपणी. इथे म्हातारपणी कोयता हाती येतो.

बाहेरच्या सहलीही निघतात. जवळच्या कोफा अभयारण्यात क्रिस्टल हिलवर स्फटिकाचे खडे वेचायला जातात, पाम कॅनियनच्या घळीत उगवलेली ताडाची झाडे पाहायला जातात. आम्हाला मात्र सर्वांत बोलकी वाटली ती दातांची सहल. अमेरिकेत म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्यात नेहमीच्या दंतोपचारांचा खर्च मिळत नाही. क्वार्ट्झसाइटपासून ऐंशीएक मैल दक्षिणेला यूमा शहर, त्याच्यापुढे थोड्या अंतरावर मेक्सिकोचे लोस अल्गोदोनेस गाव. त्या छोट्या गावात शेकडो दंतवैद्य दुकाने मांडून बसले आहेत. चष्मेवाले आणि औषधवालेही आहेत. दर अमेरिकेच्या मानाने फारच कमी. गाडी अलीकडे ठेवून लोक पायी सीमा ओलांडतात. दाढ काढून सुजलेल्या तोंडाने एकट्या माणसाने ऐंशी मैल गाडी हाकणे धोक्याचे, म्हणून चौघे मिळून एका गाडीने जातात. तिघांचे दात, चौथा ड्रायव्हर. पुढच्या खेपेला पाळी बदलते. पेट्रोलही चौघांत वाटले जाते.

आमचा धंदा कापडाचा, त्यामुळे नजर तिकडे गेल्यावाचून राहिली नाही. कापडाला तिथे गिऱ्हाईक जवळजवळ नाही. ज्याच्या घरात एकच खण आहे तो तीन जोड कपड्यांपुढे जात नाही. खपते ते सावलीचे जाळीदार कापड, ताडपत्री, उन्हाने न फाटणारी दोरी, खिडकीला आतून लावायचा उष्णता अडवणारा चकाकता पत्रा. पाणी गॅलनवर विकतात. गॅस भरून देणारा आणि बॅटरी दुरुस्त करणारा रिकामा बसत नाही. उलट मेळाव्यात एका जागी फुकटचा ढीग असतो. आपल्याला नको ते तिथे ठेवावे, हवे ते उचलावे, विचारायचे कोणाला नाही. त्यात कपडे भरपूर असतात. एका बाजूला मोठ्या तंबूत लाख-लाख डॉलरची चाकांवरची घरे विकायला मांडलेली आणि त्याच वाळवंटात हा ढीग. आमच्यासारख्या दुकानदाराच्या छातीत धस्स व्हावे असा तो ढीग आहे, पण ज्याने उणे तापमानाच्या रात्री त्यातली रजई उचलली त्याला विचारावे.

गिऱ्हाइकाविषयी एक अनुभव सांगतो. दुकानात कुटुंब आले की घासाघीस होते. एकटा म्हातारा आला की भाव मुळीच करीत नाही, पण तासभर बसतो. चहा झाला, तागे पाहून झाले, तरी उठत नाही. त्याला एक रुमाल हवा असतो आणि दोन शब्द. क्वार्ट्झसाइटचे मुरलेले विक्रेते टेबलाच्या पुढच्या बाजूला एक रिकामी खुर्ची ठेवत असतील तर आम्हाला नवल वाटणार नाही.

या व्यवस्थेत कच्चे दुवे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. इंजिन बसले की त्या माणसाचे वाहन, घर आणि कामावर जायची सोय एका क्षणात जाते. गॅसची शेगडी पेटवून बंद गाडीत झोपणे जिवावर बेतते. पावसाचा लोंढा येणाऱ्या कोरड्या ओढ्यात नवखा माणूस सपाट जागा पाहून गाडी लावतो. जमीन सरकारची, तिचे दर आणि दिवस सरकार ठरवणार. आणि सारे जमले तरी मेळावा थोड्या दिवसांचा, बाकी वर्ष एकट्याचे. म्हणून जुने लोक नव्यांना पहिल्याच दिवशी सांगतात की मेळाव्यातून जाताना दोन-तीन फोन नंबर घेऊन जा आणि ठरल्या दिवशी फोन करा. शेजारच्या गाडीचा पडदा सकाळी उशिरापर्यंत उघडला नाही तर दार वाजवायला लाजू नका. चोर समजून कोणी रागावले तर माफी मागता येते.

एप्रिलच्या मध्याला परवान्यांची मुदत संपते. तोवर ऊन चढलेले असते. टेबले घडी करून ट्रकमध्ये जातात. न खपलेला माल मिळेल त्या भावाने काढतात. ज्यांच्याकडे पेट्रोलचे पैसे आहेत ते फ्लॅगस्टाफच्या बाजूला, सात हजार फुटांवरच्या गारव्यात निघून जातात. गावात 2,400 माणसे आणि हाजी अलींच्या पिरॅमिडवरचा उंट उरतो. पुन्हा गाड्या दिसू लागतात त्या 15 सप्टेंबरनंतर.