फलनाच्या आर्ग्युमेंटांचे प्रकार-अनुमान

आज्ञावलीतील चलाचा प्रकार लिहिणाराने स्पष्ट केला नसेल, तर तो त्याच्या उपयोगावरून ठरविणे यास प्रकार-अनुमान म्हणतात. हिंडले (१९६९) व मिल्नर (१९७८) यांनी या विषयास घातलेला पाया वाचकांस परिचित आहेच. येथे एकाच अडचणीचा विचार करावयाचा आहे.

समजा, धाराशिव जिल्ह्याच्या आठ तालुक्यांचा पाऊस मिलिमीटरमध्ये दिला असून तो सेंटिमीटरमध्ये हवा आहे. ‘रूपांतर’ या फलनास आपण दोन आर्ग्युमेंटे देतो: पहिले, ‘क्ष भागिले १०’ हे अनामिक फलन, दुसरे, दशांश संख्यांची यादी. कंपायलर डावीकडून उजवीकडे जात असेल, तर पहिल्या आर्ग्युमेंटापाशी ‘क्ष’चा प्रकार त्यास ठाऊक नसतो. १० हा पूर्णांक आहे एवढ्यावरून त्याने ‘क्ष’लाही पूर्णांक ठरविले, म्हणजे पुढे यादीशी विरोध येतो आणि दोष मात्र निरपराध यादीच्या माथी बसतो. हा सौम्य परिणाम होय. दशांशाचा पूर्णांक आपोआप करणारी भाषा असेल, तर ६२.५ चे ६२ होऊन उत्तर ६ येईल; पाव सेंटिमीटर पाऊस विनातक्रार नाहीसा होईल. अवर्षणाच्या मुलखात ही काटछाट कोणास रुचेल?

अडचणीचे मूळ असे की, प्रकार शोधणे, रूपांतरे घालणे व दोष नोंदविणे ही तिन्ही कामे पुष्कळदा एकाच लांबलचक कार्यपद्धतीत गुंतलेली असतात. पुनर्रचनेत ती विलग करावी लागतात. संदर्भावाचून ज्यांचा प्रकार कळतो ती आर्ग्युमेंटे आधी तपासून त्यांची बंधने नोंदवावीत, अनामिक फलने तोवर राखून ठेवावीत. यादीवरून घटक दशांश ठरला की तो प्रकार ‘क्ष’ला देऊन मगच फलनाचे अंग तपासावे. सी-शार्पमध्ये अशीच टप्प्यांची योजना आहे. मात्र तपासणीचा क्रम बदलला तरी, आज्ञावली चालताना आर्ग्युमेंटांची मूल्ये काढण्याचा क्रम यत्किंचितही बदलता कामा नये. ती पुनर्रचना नव्हे, भाषेचाच बदल ठरेल.

माहिती येथे दोन्ही दिशांनी वाहते. मुंबईच्या आय.आय.टी.तील उदय खेडकर व धनंजय ढमढेरे यांनी केंब्रिजच्या ॲलन मायक्रॉफ्ट यांच्यासमवेत २००३ साली प्रकार-अनुमान हा उभयदिश माहितीप्रवाहाचा प्रश्न म्हणूनच मांडला.

दोन अनामिक फलने परस्परांच्या प्रकारावर अवलंबून असली, तर कोणास आधी घ्यावे हे या युक्तीने ठरत नाही. तेथे लिहिणाराकडेच एका प्राचलाचा प्रकार मागणे इष्ट.